दुसऱ्या माळ्याची उंची

मुंबईचे फोटो कुठून काढावेत, असं नवीन मुलं विचारतात. त्यांच्या मनात मरीन ड्राइव्ह असतो, वांद्र्याचा किल्ला असतो, नाहीतर ओळखीपाळखीतून मिळालेली एखाद्या टॉवरची गच्ची. मी त्यांना रेल्वेचा पादचारी पूल सांगतो. परळ, करी रोड, चिंचपोकळी, दादर, कुठलाही चालेल. जिना चढायचा, चालणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचं, कठड्याला खांदा लावायचा आणि समोर बघायचं. बहुतेकांना हे खरं वाटत नाही. पुलावरून जाताना मान खाली घालून, पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून चालायची सवय झालेली असते. तिथून शहर दिसतं, हे कित्येक वर्षं रोज ये-जा करणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही.

हा पूल रुळांपासून साधारण सहा-सात मीटर उंच असतो. खालून गाडी जाते, गाडीच्या वर 25 हजार व्होल्टची तार, तारेच्या वर मोकळं अंतर, आणि मग पूल. रेल्वेच्या हिशेबातून आलेली ही उंची आहे. पण गिरणगावातली तळमजला आणि वर तीन माळे अशी चाळ घेतली, तर तिच्या कमरेची उंची बरोबर तेवढीच भरते. इमारतीच्या निम्म्यावर उभं राहिलं की कॅमेरा वर उचलायला नको, खाली झुकवायला नको. तो जमिनीला समांतर राहतो आणि भिंतीच्या उभ्या कडा फोटोतही उभ्याच राहतात.

ज्यांनी इमारतींचे फोटो काढले आहेत त्यांना याचं मोल कळेल. रस्त्यावर उभं राहून चार माळ्यांची इमारत फ्रेममध्ये घ्यायची तर कॅमेऱ्याचं तोंड वर करावंच लागतं. तसं केलं की खांब, कोपरे, पाण्याचे पाइप वर जाता जाता एकमेकांकडे कलतात आणि अख्खी इमारत पाठीमागे रेलल्यासारखी दिसते. आपण मान वर करून बघतो तेव्हा डोळ्यातही तीच तिरकी प्रतिमा उमटते, फक्त मेंदू ती सावरून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही.

जुने लोक यावर लेन्सच वर सरकवत. पॅरिसचा यूजेन अत्जे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1927 मध्ये मरेपर्यंत जुन्या पॅरिसचे रस्ते, अंगणं, जिने, दुकानांच्या पाट्या टिपत राहिला. लाकडी कॅमेरा, 18 बाय 24 सेंटिमीटरच्या काचा, तिकाटणं, हे सगळं ओझं घेऊन तो पहाटे निघायचा. कॅमेरा सरळ ठेवून लेन्सची पाटी तेवढी वर सरकवली की इमारतीचा माथा फ्रेममध्ये येतो आणि कडाही कलत नाहीत. पण पाटी फार वर गेली तर लेन्सचा प्रकाश काचेच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. अत्जेच्या पुष्कळ फोटोंत वरचे दोन कोपरे काळे, कमानीसारखे गोलावलेले दिसतात ते यामुळे. ते कोपरे त्याला कापून टाकता आले असते. त्याने ते राहू दिले, आणि मला ते फार आवडतात. ज्या उंचीवर तो उभा होता आणि जी उंची त्याला हवी होती, त्यांच्यातलं अंतर त्या काळ्या कोपऱ्यांत शिल्लक आहे.

जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने वेगळा मार्ग धरला. 1959 पासून पुढे कित्येक दशकं ते पाण्याच्या टाक्या, लोखंडाच्या भट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो काढत होते. ढगाळ आभाळ, सावल्या नाहीत, माणसं नाहीत, आणि वास्तूच्या मध्यावर कॅमेरा यावा म्हणून शिड्या, मचाणं. त्यांचं काम प्रथम पाहिलं तेव्हा ते मचाण माझ्या डोक्यात राहिलं. आमच्याकडे ते रेल्वेने गावभर बांधून ठेवलं आहे.

उभ्या रेषा सरळ येतात एवढ्यासाठीच मी पुलावर जातो असं नाही. लालबागच्या एखाद्या चाळीच्या दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीत कुणी दात घासत उभं असेल, तर पुलावरचा मी आणि ते एकमेकांच्या समोर असतो. रस्त्यावरून फोटो काढला असता तर मला त्यांची हनुवटी दिसली असती, टॉवरवरून काढला असता तर टाळू. इथे नजरेला नजर भिडते. त्यांना मी दिसतो, माझा कॅमेरा दिसतो. कुणी हात करतं, कुणी पाठ फिरवून आत जातं. कुणी आत गेलं की मी कॅमेरा खाली घेतो. न कळता टिपलेल्या चेहऱ्यांना आमच्या धंद्यात फार मान आहे. मला तो कधी पटला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तेव्हा गॅलरी हे घरच असतं. कपडे वाळत घालायची काठी, निळी पिंपं, टांगलेल्या सायकली, डालडाच्या जुन्या डब्यात लावलेली तुळस, खिळ्याला अडकवलेल्या छत्र्या हे सगळं माझ्या फोटोत येतं, आणि त्या घराने मला पाहिलेलं असावं एवढी माझी अट असते.

तिकाटणं मी पुलावर नेत नाही. पूल थांबायची जागा नाही, याचा विसर पडून चालत नाही. 29 सप्टेंबर 2017 ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. पाऊस थांबायची वाट बघत लोक जिन्यावर थांबले होते आणि खालून गाड्यांतून उतरलेली गर्दी वर येत होती. पुढच्या वर्षी स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं, लष्कराच्या जवानांनी बांधलेला नवा पूल त्याआधीच सुरू झाला होता. आजही त्या जिन्यावरून जाताना पाय आपोआप कडेला होतात. ज्याचं हातावर पोट आहे आणि ज्याची 8.17 ची लोकल आहे, त्याच्या वाटेत मी आणि माझी फ्रेम येता कामा नये. म्हणून मी जातो ते पहाटे साडेपाच-सहाला, किंवा रविवारी दुपारी, मेगाब्लॉक असताना. मेगाब्लॉकच्या दुपारी पुलावर तुरळक माणसं असतात, रुळांवर नारिंगी जाकिटातले कामगार खडी सरकवत असतात, आणि एरवी डब्यांच्या आड जाणारा चाळींचा तळमजला सलग दिसतो. गाड्या नसल्या की पूल हलतही नाही. एरवी खालून फास्ट लोकल गेली की कठड्यातून कंप हातात येतो, आणि तो विरेपर्यंत बटण दाबण्यात अर्थ नसतो.

हळूहळू या जागा बंद होत चालल्या आहेत. नव्या पुलांना दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वरपर्यंत पत्रे लावतात, कुठे त्यांवर जाहिराती चढतात. तारेपासून संरक्षण हवंच. पण जाळीनेही ते होतं, आणि जाळीतून निदान वारा आणि शहर दोन्ही आत येतात. पत्र्याच्या बोगद्यातून चालणाऱ्या माणसाला आपण परळला आहोत की घाटकोपरला, हे पाटी वाचूनच कळतं. रोज शहर ओलांडणाऱ्या माणसाला ते चार क्षण दिसायचं, तेही गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उजेडाबद्दल आमच्यात एक ठाम समज आहे: सूर्योदयानंतरचा तास आणि सूर्यास्ताआधीचा तास, बाकी वेळ कॅमेरा पिशवीत. समुद्रासाठी, चेहऱ्यांसाठी ते खरं असेल. शहराच्या भिंतींसाठी नाही. मुंबई 19 अंश उत्तरेला आहे, कर्कवृत्ताच्या बरीच आत. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावरून जातो: मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. जुलैतला दिवस ढगांत हरवतो, मेमधला हाती लागतो. त्या दिवशी साडेबाराच्या पुढे काही क्षण विजेच्या खांबाला सावली नसते. सगळे जण जमिनीकडे बघतात. मी भिंतीकडे बघतो. सूर्य माथ्यावरून जरा कलला की पश्चिमेकडच्या भिंतीवर ऊन वरून खाली घासत उतरतं. मग तिच्यावर जे जे बाहेर आलेलं आहे, छज्जा, गज, एसीचं खोकं, कुठल्याशा माळ्यावर नंतर वाढवलेलं मोरीचं बांधकाम, त्या प्रत्येकाची लांब सावली खाली सुटते. प्लास्टरचे पोपडे, तुळईवरची डागडुजी, पिंपळाचं कोवळं रोप, सगळं उठून येतं. त्या घरात किती वेळा काय वाढवलं, काय बुजवलं, ते त्या वीस-पंचवीस मिनिटांत वाचता येतं. सोनेरी उजेड याच भिंतीला एकसारखी आणि सुंदर करतो, म्हणून चाळींच्या बाबतीत मी त्याच्यापासून दूर राहतो.

रंगांचंही तसंच. जुन्या वस्त्या म्हटलं की कृष्णधवल, ही रीत झाली आहे. फोटोग्राफर रघुबीर सिंगांनी आयुष्यभर रंगांचा आग्रह धरला. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक 1994 मध्ये आलं, तेव्हाही अनेकांना रंगीत फोटो म्हणजे मासिकाचं काम वाटायचं. माझ्या दृष्टीने मुंबईचा पावसाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात पुलावरून दिसतो तो रंगानेच. मंगलोरी कौलांवर, पत्र्यांवर निळ्या ताडपत्र्या चढतात, त्यांवर विटा आणि टायर ठेवले जातात. शेजारच्या बांधकामाला हिरवी जाळी. कृष्णधवल फोटोत हे दोन्ही करड्या रंगाचे झाले असते आणि कोण पावसाची तयारी करतोय, कोण टॉवरची, हा फरक पुसला गेला असता.

लांब एक्स्पोजरचा मोह मात्र मला एका गोष्टीमुळे पडतो. फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या दागेरने 1838 मध्ये पॅरिसच्या बुल्व्हार द्यू ताँप्लचा फोटो वरच्या खिडकीतून घेतला. रस्ता वाहता होता, पण एक्स्पोजर काही मिनिटांचं. त्यामुळे चालणारी माणसं, घोडे, गाड्या काही उमटलंच नाही. रस्त्याच्या कडेला बुटाला पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ तेवढा स्थिर होता, म्हणून तो आणि पॉलिश करणारा टिकले. शहराच्या फोटोत ओळखू येणारी पहिली माणसं ती. दादरच्या पुलावरून फलाटाकडे बघितलं की हे आठवतं. ब्रश पेटीवर टकटक वाजवत बसलेला पॉलिशवाला, समोर पेटीवर एक पाय ठेवून उभा असलेला कुणी नोकरदार, आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी धावणारी गर्दी. दागेरचा कॅमेरा इथे लावला तर तेच दोघे उरतील. पण मला धावणारेही हवे आहेत. फलाटावरची धाव पुसून फक्त थांबलेल्यांचं शहर दाखवणं मुंबईच्या बाबतीत खरं होणार नाही. म्हणून मी शटर शंभर-सव्वाशेवर ठेवतो: चेहरे कळतात, पावलं किंचित पुसट होतात.

शहर पाडलं जातं आणि फोटोग्राफर धावतात, हे नातंही जुनं आहे. पॅरिसची फेररचना करणाऱ्या ओस्मानच्या नव्या रस्त्यांसाठी पॅरिसच्या गल्ल्या पडण्याआधी शार्ल मार्व्हिलने नगरपालिकेसाठी त्या टिपून ठेवल्या. जवळपास त्याच काळात, 1860 च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईच्या कोटाच्या भिंती उतरवल्या गेल्या. तोवर इथे फोटोग्राफी रुजली होती; बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे डॉक्टर असूनही तिच्यातले मोठे फोटोग्राफर. म्हणजे आपल्याकडे डोळा आणि यंत्र दोन्ही होतं. तरीही, पाडायची नोटीस लागल्यावर कॅमेरे घेऊन जायचं, हे मला अपुरं वाटतं. नोटीस लागलेल्या इमारतीत सगळ्यांच्या चेहऱ्यावर नोटीस असते. भिंतींवर खडूने आकडे पडलेले असतात, लोक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन फिरत असतात. तिथे जाऊन आपण फक्त निरोप टिपतो. ज्या चाळीबद्दल अजून कुणी काही बोलत नाही, तिचा साध्या मंगळवारचा फोटो जास्त मोलाचा. त्यामागे तारीख, वेळ, पुलाचं नाव आणि कुठल्या दिशेला तोंड करून उभा होतो, एवढं मी लिहून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत माझी अडचण वेगळी झाली आहे. पूल तिथेच आहे, शहर वर गेलं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि त्यांच्या जमिनींचं काय करायचं हे ठरायला वेळ लागला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: मोकळ्या जागांना, स्वस्त घरांना आणि मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची करायची ठरवली, आणि सार्वजनिक वाटे आक्रसले. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ते ग्राह्य धरलं. करी रोडच्या पुलावर उभं राहून पश्चिमेकडे बघितलं की त्या एका दुरुस्तीचं रूप समोर उभं असतं. गिरणीची चिमणी शोधावी लागते. चाळीच्या मागून चाळीस-पन्नास माळे वर जातात, आणि दुसऱ्या माळ्याच्या उंचीवरून ते फ्रेममध्ये मावत नाहीत.

इथे तीन वाटा होत्या. कॅमेरा वर करायचा, मग टॉवर कलतो आणि नाट्यमय दिसतो. बिल्डरच्या जाहिरातीत शोभेल असा. किंवा टॉवरवर चढून खाली बघायचं, मग चाळ म्हणजे पत्र्यांचे आयत आणि माणसं म्हणजे ठिपके. चित्रकाराला बरं असतं. सुधीर पटवर्धनांच्या मुंबई-ठाण्याच्या चित्रांत एकाच कॅनव्हासवर दोन-तीन उंच्यांवरून बघितलेलं शहर एकत्र नांदतं. लेन्सला एकच बिंदू मिळतो. मी तिसरी वाट घेतली: कॅमेरा सरळ ठेवायचा आणि टॉवर वरून कापायचा. माझ्या फोटोंत त्याचं टोक नसतं. दिसतो तो गाड्या ठेवायचा पाच-सात माळ्यांचा पोडियम, उंच भिंत, दरवाजावरचा रखवालदार आणि भिंतीला लागून उरलेली चाळ. टॉवरचा जो भाग शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो तो एवढाच असतो. प्रदर्शनात कुणी विचारतं, वरचं कुठे गेलं? मी सांगतो, पुलावरून ते दिसत नाही.

पण टॉवरमध्ये कोण राहतं, हेही बदलू लागलं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती, यांचा पुनर्विकास सुरू झाला. या चाळींना बाहेर गॅलरी नाही. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका माळ्यावर वीस, अख्ख्या इमारतीत ऐंशी. बाहेरून फोटो काढला तर नुसती सिमेंटची गंभीर भिंत येते. त्यांचं दृश्य आत होतं. बोळाच्या दोन टोकांना उजेड, मध्ये अंधार, आणि उघड्या दारांतून आडवे पडलेले उजेडाचे पट्टे. दार जेवढं उघडं तेवढा पट्टा रुंद. दुपारी चारला पट्ट्यांत बसून बायका भाजी निवडायच्या, मुलं अभ्यास करायची. शहराचं निसर्गचित्र म्हणतात ते मला त्या बोळाइतकं कुठे भरगच्च दिसलं नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या साडेपाचशेच्या वर कुटुंबांना नव्या चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत. बोळात ज्यांचे फोटो मी काढले होते त्यांतल्या एक मावशी साताऱ्याकडच्या. रस्त्यात भेटल्या तशा म्हणाल्या, "खालनंच काय काढत बसलाय दादा? या की वर. खिडकीतनं समदं दिसतंय."

टॉवरवरून फोटो काढायचे नाहीत हा माझा नेम होता, तो त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्यांचं घर होतं. मी गेलो. खिडकीतून जुन्या चाळींच्या उरलेल्या रांगा खाली दिसत होत्या, ताडपत्र्यांसकट. मावशी बोट दाखवून सांगत होत्या: ती तिसरी रांग, तिच्या टोकाला आमची, तिकडं हंडी बांधायचे, तो पिंपळ आमच्या सासऱ्यांनी लावलेला नाही, आपोआप आला, पण पाणी घातलं त्यांनीच. एवढ्या उंचीवरून मला आयत दिसत होते, त्यांना घरं दिसत होती. मी तावदानाची चौकट, बाहेर लावलेल्या दोरीवरचा टॉवेल आणि त्यांचा पुढे केलेला हात फ्रेममध्ये ठेवला आणि कॅमेरा खाली झुकवला. कडा कलल्या. त्या कललेल्या राहू दिल्या.

तेव्हापासून वरळीत मी माळ्यामाळ्यावर विचारून जातो. सकाळी लवकर, ऊन काचेवर यायच्या आत. ज्यांचं घर आहे त्यांनी खिडकी निवडायची, मी नाही. आणि परत येताना लिफ्टसमोरची मोकळी जागा बघतो. जुन्या बोळाची जागा आता तिने घेतली आहे, पण दारं मिटलेली असतात आणि दिव्याचा पांढरा उजेड सगळीकडे सारखा पडतो. मावशींनी त्यांचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली आहे, सकाळी दहापर्यंत आणि परत चारनंतर. "लिफ्टमधनं उतरणाऱ्याला कळाय नको, हितं माणसं राहत्यात?" असं त्या म्हणतात. समोरच्या घरातली सून तिचं दार अर्धं उघडते, सासू घरी नसेल तर पूर्ण. चारनंतर तिथे दोन पट्टे पडतात. तिसरं दार कोपऱ्यातल्या कुटुंबाचं. तिथली आजी गावाहून गणपतीनंतर येणार आहे आणि तिला बंद दार सोसत नाही, असं सगळेच सांगतात. तेव्हा मी पुन्हा जाणार आहे.